डोंगराच्या पोटातला उजेड आणि आमचे तळघर

आमच्या वस्तीतील बुद्धविहार घाटकोपरच्या टेकडीच्या उतारावर आहे. वर विहाराचा हॉल आणि खाली, अर्धे जमिनीत गेलेले, तळघर. मुलांच्या अभ्यासिकेसाठी म्हणून ते बांधले. पण भर दुपारी बारा वाजता ट्यूब लावल्याशिवाय तिथे अक्षर दिसत नसे. वीज गेली की मुले बाहेर. बिल वाढू लागले तसा कमिटीच्या बैठकीत विषय निघाला, की तळघर मंडपवाल्याला सामान ठेवायला भाड्याने द्यावे. दहावीच्या मुलींनी विचारले, "मग आम्ही बसायचं कुठं?" या प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नव्हते. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

मधल्या रविवारी आमची भाजे-कार्ल्याची सहल आधीच ठरलेली होती. बायामाणसे, मुले आणि दोन आजी धरून आम्ही पंधरा-वीस जण निघालो. लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरली आणि मळवलीला उतरलो. भाजे लेणी तिथून चालत जाण्यासारखी आहेत. पायऱ्या चढून वर गेलो, सर्वांनी मिळून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग चैत्यगृह पाहू लागलो.

भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. आत २७ अष्टकोनी खांब आहेत. याची दर्शनी बाजू पूर्वी लाकडाची होती. ती काळाच्या ओघात गेली, लाकूड बसवण्याची भोके तेवढी खडकात उरली आहेत. त्यामुळे आज पुढची सगळी बाजू मोकळी आहे आणि उजेड सरळ आत शिरतो.

भाकरी खाऊन दुपारी रिक्षांनी कार्ल्याला गेलो. एकवीरेच्या देवळाजवळून लेण्यात शिरलो तेव्हा चार वाजत आले होते. हे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. लांबी सुमारे १२४ फूट, उंची व रुंदी सुमारे ४५ फूट, खांब ३७. सगळे एकाच खडकात कोरलेले. मागे डोंगर, दोन्ही बाजूंना डोंगर, वरही डोंगर. उजेडाला वाट फक्त समोरून. इथे दर्शनी भिंत दगडाची आहे. तिच्यात खाली दारे आणि वर पिंपळपानाच्या आकाराची मोठी कमान.

आत गेल्यावर पहिले काही क्षण काळोख वाटला. मग डोळे स्थिरावले आणि टोकाचा स्तूप दिसला. त्यावरचे लाकडी छत्रही दिसले. आमच्या एका आजी म्हणाल्या, "अगं बाई, दिवा नाही, बत्ती नाही, आन् एवढ्या डोंगराच्या पोटात दिसतंय कसं?"

आमच्याबरोबर गवंडीकाम करणारे एक दादा होते. ते उभे राहून बराच वेळ कमानीकडे पाहत होते. मग म्हणाले, "आजी, खिडकी वर हाय म्हणून. खाली असती तर उजेड दारातच पडून राहिला असता. वरून येतो म्हणून लांब जातो." चैत्य पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपार उतरल्यावर ऊन कमानीतून आत झुकते. वरच्या घुमटाकार छताला सागवानी फासळ्या आहेत. उजेड उंचावरून आत येतो आणि हळूहळू सगळीकडे पसरतो.

तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी त्यात आहे, तसा धेनुकाकट गावचा सामी नावाचा एक सुतारही आहे. दाराचे काम त्याचे. हे वाचून दाखवल्यावर दादांचा चेहरा खुलला. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "त्यांना एकच बाजू मोकळी होती. आपल्या तळघराला दोन झरोके हायेत. मग अंधार का?"

दुसऱ्या रविवारी आम्ही सगळे तळघरात उतरलो, ते अंधार कुठून येतो हे शोधायला. झरोक्यांच्या जाळीवर वर्षांची काजळी होती, ती धुतली. झरोके उघडतात त्या बोळात समोर शेजाऱ्यांची शेवाळाने काळी पडलेली भिंत होती. म्हणजे आमचे झरोके दिवसभर काळ्या भिंतीकडेच पाहत होते! शेजारच्या काकांना विचारले. ते आधी कुरकुरले, पण "चुना आम्हीच लावतो" म्हटल्यावर तयार झाले. भिंत घासून पांढरी केली आणि सर्वांत जास्त फरक याच एका कामाने पडला. आत आधी छताला, मग भिंतींना चुना दिला.

भिंत जाड असल्याने झरोक्याची खालची आतली कड उजेड अडवीत होती. दादांनी ती तासून आत उतरती केली आणि गिलावा करून पांढरी केली. हे काम जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्यावे. वरच्या तुळईला किंवा खांबाला हात लावू नये.

मग जुन्या कपाटाचा आरसा समोरच्या भिंतीवर झरोक्यापेक्षा थोडा खाली, वर तोंड करून बसवला. बोळात ऊन येते तेव्हा त्याची तिरीप झरोक्यातून आत छतावर पडते आणि छतावरून खोलीभर पसरते. तिरीप वहीवर घेऊ नये, डोळे दिपतात. ऊन सरकते तसा आरसा दोनदा फिरवावा लागतो. ते काम मुलांनी वाटून घेतले आहे.

तळघरात उतरणाऱ्या जिन्यावर पत्रा आहे. तिथे बाटलीचा दिवा केला. ही युक्ती ब्राझीलमधल्या आल्फ्रेडो मोझर नावाच्या एका मेकॅनिकची, २००२ सालची. विजेच्या तुटवड्यात त्याला ती सुचली. प्लास्टिकची दोन लिटरची पारदर्शक बाटली स्वच्छ पाण्याने भरायची, शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणे ब्लीच घालायचे. पत्र्याला भोक पाडून बाटली अर्धीअधिक खाली लोंबती बसवायची आणि कड गळणार नाही अशी बंद करायची. उन्हात ती बल्बसारखी उजळते. आपल्याकडे कौलांत एखादे काचेचे कौल बसवतात, त्याचेच हे भावंड. मात्र वर थेट आभाळ असेल तिथेच ती चालते. विहाराच्या हॉलखाली तिचा उपयोग नाही.

आता सकाळी दहापासून चारपर्यंत झरोक्यांजवळच्या तीन सतरंज्यांवर बिनदिव्याने वाचता येते. मागच्या कोपऱ्यात अजून अंधार आहे, पावसाळी दिवशी ट्यूब लागतेच आणि रात्रीच्या अभ्यासाला तर विजेशिवाय इलाज नाही. पण बिल कमी झाले आणि बैठकीत भाड्याचा विषय कोणी काढला नाही. त्या दिवशी दहावीच्या मुली खाली वाचत बसल्या होत्या, एवढे पुरले.

बाबासाहेब परळच्या चाळीत दोन लहान खोल्यांत राहिले आणि पुढे राजगृह बांधताना त्यांनी ग्रंथांसाठी प्रशस्त जागा केली. वाचणाऱ्याला जागा लागते आणि जागेला उजेड लागतो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. आपल्या वस्त्यांत अशा कितीतरी अंधाऱ्या खोल्या कुलूप लावून पडून आहेत. त्या भाड्याने देण्याआधी एकदा झरोक्यासमोरची भिंत पाहावी. आणि सवड काढून मुलाबाळांना कार्ल्याला न्यावे. मात्र दुपारी जावे, ऊन कमानीतून आत येते तेव्हा.

जय भीम.