आमचे वजन आणि आमची नाव

आम्ही स्वतःचा उल्लेख 'आम्ही' असा करतो म्हणून काही स्नेही आम्हांला संस्थानिक म्हणून चिडवतात. वस्तुतः त्यात थोरवीचा काही भाग नाही. आमचे वजन ११३ किलो आहे आणि एकवचनात आम्ही कधी नीटसे मावलोच नाही. लहानपणी स्टेशनवर नाणे टाकून वजनाचे तिकीट काढण्याचे यंत्र असे. तिकिटाच्या एका बाजूस वजन आणि दुसऱ्या बाजूस भविष्य. आमचे थोरले बंधू भविष्य मोठ्याने वाचून दाखवीत; आम्ही मात्र तिकीट मुठीत चुरगाळून टाकीत असू. टांग्यात मागल्या बाजूस बसलो की टांगेवाला हमखास मान वळवून म्हणे, "बाबूजी, आप आगे आ जाइए, टाँगा उलार हो रहा है." तो बिचारा घोड्याच्या काळजीने बोले. आम्हांला मात्र साऱ्या इंदुरासमोर आमचा पंचनामा झाल्यासारखे वाटे.

छावणीतला आमचा शिंपी तेवढा समजूतदार होता. माप देताना आम्ही श्वास आत ओढून उभे राहात असू. तो निमूटपणे टेप लावी, आकडा वहीत टिपी आणि कापताना स्वतःच्या हिशेबाने दोन इंच वाढवी. तीस वर्षांत या दोन इंचांबद्दल आमच्यात एक अक्षर बोलणे झाले नाही. सारे जग असेच दोन इंच वाढवून घेत असते, असा आमचा त्यामुळे समज झाला होता, आणि तो पुढे आमच्या जिवावर बेतणार होता.

२०२३च्या फेब्रुवारीत 'खेलो इंडिया' युवा स्पर्धांतील खळाळत्या पाण्यातल्या नावांच्या शर्यती महेश्वरच्या सहस्रधारेत झाल्या, त्या पाहायला आम्ही गेलो होतो. ज्या नर्मदेत आम्ही पोहायला शिकलो, तिच्या खडकांमधल्या त्या धारांत कोवळी पोरे नावा घालीत होती. आम्ही नुकतेच बँकेतून निवृत्त झालो होतो आणि हाती रिकामा वेळ होता. त्याच वर्षी जूनमध्ये आम्ही उभयता अमेरिकेत टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे मुलीकडे राहायला गेलो. जावईबापूंना याच खेळाचा नाद आहे, हे तिथे जाईपर्यंत आमच्या ध्यानातही नव्हते. "बाबा, तुम्ही येऊन तर पाहा," असे ते म्हणाले, आणि आम्ही पाहण्यापुरते न थांबता वल्हे मागितले.

तिथल्या नद्यांचे पाणी घड्याळावर चालते. हायवासी नदीवर अ‍ॅपलॅचिया नावाचे धरण आहे. त्याचे पाणी सुमारे आठ मैलांच्या बोगद्यातून वीजघरात नेतात. जनित्रे सुरू झाली की खालच्या पात्रात नाव चालण्याजोगे पाणी येते, बंद झाली की खडक उघडे पडतात. आपल्याकडे पाटाच्या पाळीची वाट पाहावी, तशी तिथे हौशी मंडळी नावा घेऊन वाट पाहात उभी असतात. ही सारी व्यवस्था १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीची. आपले दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली तिच्याच धर्तीवर निघाले. शेजारच्या ओकोई नदीवर १९९६च्या ऑलिंपिकमधील नावांच्या शर्यती झाल्या होत्या. हायवासी त्या मानाने सौम्य आहे, म्हणून नवशिक्यांना तिथेच आणतात.

वाचकांपैकी पुष्कळांना कयाक आणि कनू यांतला भेद ठाऊक नसेल, आम्हांलाही नव्हता. कयाक वरून झाकलेली असते, तिच्यात पाय पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांस पाते असते. कनू बहुधा वरून उघडी; वल्ह्याला एकच पाते, आणि खळाळात ती चालवायची गुडघे टेकून. थोडक्यात, दोन तास वज्रासन. आमच्यासारख्याच्या घोट्यांना आणि गुडघ्यांना ते दहा मिनिटेही सोसत नाही. म्हणून नावेच्या मध्यभागी कठीण फोमचे खोगीर चिकटवलेले असते. त्यावर भार टाकून गुडघे दोन बाजूंस ठेवायचे, मांड्यांवरून पट्टे आवळायचे, पावले मागच्या खुंट्यांना टेकवायची. मग माणूस आणि नाव एकजीव होतात आणि कंबर हलवली की नाव हलते. पुढे-मागे हवेच्या मोठ्या पिशव्या भरलेल्या असतात. नाव पालथी झाली तर पाण्याला जागा कमी मिळावी हा त्यांचा हेतू.

शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, उन्हाने रापलेले आणि मितभाषी होते. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "वजन किती?" आम्ही तत्काळ उत्तर दिले, "दोनशे दहा पौंड." म्हणजे ९५ किलो. खरा आकडा अडीचशेच्या घरात होता. सौभाग्यवती शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी नदीकडे तोंड फिरवले. ज्याने आयुष्यभर माणसांना नावेत बसवले, त्याला आमचे खोटे कळले नसेल असे नाही. पण परदेशी पाहुण्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे त्याच्या सभ्यतेत बसले नसावे. त्याने साडेनऊ फुटांची एक नाव पुढे केली. संथ पाण्यात बसलो तेव्हा काठ पाण्यावर जेमतेम चार बोटे उरला. "खाली बसते आहे," तो म्हणाला. "चालेल," आम्ही म्हणालो. आम्ही नेहमी असेच म्हणत आलो आहोत. सिनेमागृहाच्या खुर्चीला आणि लग्नातल्या पाटालाही आम्ही 'चालेल' असेच म्हटले होते.

पहिल्या उतारावर हातभर उंचीच्या लाटा होत्या. त्यांहून अधिक काही नव्हते. पहिली लाट काठावरून आत आली, दुसरी तिच्यामागून आली. पाण्याचा हिशेब सरळ असतो : एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटर आत आले की आपल्याएवढाच आणखी एक प्रवासी नावेत येऊन बसतो, आणि तो एका जागी बसत नाही. ज्या बाजूला नाव कलते त्या बाजूला धावतो. तिसऱ्या लाटेला आम्ही पालथे झालो. उजवी मांडी सुटली. डावा पट्टा सुटेना. आमच्या मापाला तो अपुरा होता, म्हणून आम्हीच तो जोर लावून आवळून घेतला होता. बकलापर्यंत हात न्यायला वाकावे लागते, आणि वाकायच्या वाटेत आमचे पोट होते. पाणी धरणाच्या तळचे, बर्फासारखे. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. जावईबापू म्हणतात चार-पाच सेकंद. शेवटी दोन्ही हातांनी काठ रेटून आम्ही मांडी ओढून काढली. तिच्यावरची साल पट्ट्यालाच राहिली.

वर आल्यावर एकच सूचना आठवली : वाहत्या पाण्यात उभे राहू नये. पाऊल खडकांच्या फटीत अडकले तर मागचा प्रवाह माणसाला पुढे लोटून गुडघाभर पाण्यातही बुडवतो. म्हणून उताणे पडलो, पाय पुढे व वर धरले आणि ओंडक्यासारखे वाहात काठाला लागलो. सौभाग्यवतींनी पदराने आमचे तोंड पुसले. त्या काही बोलल्या नाहीत, हे अधिक वाईट होते. शिक्षक नाव ओढून आणून म्हणाले, "मी तुम्हांला दोनशे दहा पौंडांची नाव दिली होती." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

परतीच्या वाटेवर पशुखाद्याच्या एका दुकानात पोती तोलायचा काटा होता. जावईबापूंना सांगून आम्ही त्यावर चढलो. ओले कपडे, लाइफ जॅकेट, शिरस्त्राण, बूट, कमरेची दोरी, सारे अंगावर ठेवून. २६२ पौंड. म्हणजे ११९ किलो. साऱ्या घरच्यांसमोर काट्यावर उभे राहण्याचा आयुष्यातील हा पहिलाच प्रसंग. मुलीने आकडा कागदावर लिहून घेतला, आणि नाव त्या कागदावरून शोधायची असे ठरले.

इथून पुढे मात्र गंमत आली. बांधणारे नावेसोबत जो भाराचा आकडा देतात, तो बहुधा सहलीच्या संथ पाण्याचा असतो. खळाळात काठ त्याहून पुष्कळ उंच हवा. हल्ली एकट्याने चालवायच्या खळाळातल्या नावा आठ ते दहा फुटांच्या निघतात. हलक्या, निष्णात माणसाला त्या फुलपाखरासारख्या. आमच्यासारख्या नवशिक्याला बाराच्या पुढची, जुन्या घडणीची, पोटाला खोल नाव हवी. मॅड रिव्हरच्या आउटरेज नावेचा 'आउटरेज एक्स' हा थोरला अवतार थोराड माणसांसाठीच होता. मोहॉकच्या एक्सएल मालिकेत तेरा, चौदा, पंधरा फुटांच्या नावा होत्या. यांतल्या पुष्कळ जुन्या नावा रॉयलेक्सच्या : मध्ये फेसाळ थर, दोन्ही अंगांस कठीण प्लॅस्टिक आणि त्यावर रंगीत विनाइल. खडकावर आपटून चेपली तरी हा पत्रा पुन्हा पूर्वपदावर येई. २०१४ साली रॉयलेक्सचे उत्पादन थांबले. नंतर कॅनडातील एस्किफ या नावबांधणी कंपनीने टी-फॉर्मेक्स काढले, तेही चांगले. पण नवी नाव आमच्या निवृत्तिवेतनाच्या पलीकडची. तेव्हा जुनी पाहणे आले. जुन्या नावेत आतला फेसाळ थर उघडा पडला आहे का ते पाहावे, तळ अंगठ्याने दाबून कुठे मऊ लागतो का ते पाहावे. काठाला लाकडी पट्ट्या असतील तर स्क्रूंजवळ बारीक भेगा शोधाव्यात. कडाक्याच्या थंडीत लाकूड आणि प्लॅस्टिक सारखे आकसत नाहीत.

शेवटी निवड दोन नावांवर आली. एक दोघांची, चौदा फुटी. मध्ये खोगीर बसवून ती एकट्याची केलेली. तिच्यात बसलो आणि लग्नाच्या बैठकीवर लोडाला टेकल्यासारखे वाटले. नाव हलेचना. आमचे मन तिच्यावर बसले. परंतु शिक्षकांनी वल्हे हातात दिले. नाव रुंद, आणि आमचा घेर तिच्या जोडीला. वल्हे उभे पाण्यात घालायचे तर सारे अंग काठावर टाकावे लागे. शिवाय एकट्याने ती मोटारीवर चढवणे आमच्याने होण्यासारखे नव्हते. दुसरी एकट्याची, तेरा फुटी, फिकट हिरवी. बसताच ती अशी डुगडुगली की आम्ही दोन्ही काठ घट्ट धरले. शिक्षक म्हणाले, "काठ सोडा. आता मुद्दाम कलवा." कलवली. चार बोटे, सहा बोटे. आणि तिथे ती थबकली, जणू कुणी खालून हात दिला. काही नावा सपाट पाण्यात स्थिर वाटतात आणि कलल्या की एकदम दगा देतात; काही आधी घाबरवतात आणि मग सांभाळून घेतात. हिरवी नाव आम्ही घेतली. किंमत येथे देत नाही. सौभाग्यवती हे मासिक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचतात.

खोगीर मुलीच्या स्वयंपाकघरातल्या पाव कापायच्या सुरीने तासले. ते उंच ठेवावे तर गुडघ्यांना सुख आणि तोल कच्चा; ठेंगणे ठेवावे तर उलट. आम्ही एक-एक बोट तासत मधली उंची गाठली. मग नावेत तांब्याभर पाणी ओतले आणि ते कुठे वाहते ते पाहिले. पाणी पुढे धावले. नाक जड असलेली नाव लाटेत तोंड खुपसते. खोगीर दोन इंच मागे सरकवले, पाणी मध्येच थांबले. तेव्हा तो टांगेवाला आठवला. त्याचे सारे शास्त्र त्या एका 'उलार' शब्दात होते आणि आम्ही उगाच रुसलो होतो.

पट्टे लांब घेतले, आणि बकल मांडीच्या आतून वरच्या अंगास आणले, म्हणजे पोट मध्ये न येता हात पोचावा. जाड तळाचे बूट खुंट्यांत अडकत होते, ते टाकून पातळ घेतले. आणि मग घराजवळच्या सरोवराच्या संथ पाण्यात जावईबापूंना छातीभर पाण्यात उभे करून आम्ही मुद्दाम पालथे होऊ लागलो. सौभाग्यवती काठावर बसून मोठ्याने आकडे मोजीत. पहिल्यांदा त्या "सात" म्हणाल्या तेव्हा आम्ही वर आलो. त्यांचा आवाज चिरकला होता. "अहो, पुरे," त्या म्हणाल्या. आम्ही पुन्हा पालथे झालो. बाराव्या खेपेस "दोन" ऐकू आले. त्यानंतर त्यांनी पिशवीतून विणकाम काढले.

सप्टेंबरात त्याच उतारावर गेलो. पहिली लाट नाकावरून फुटली. बादलीभर पाणी आत आले, तेवढेच. दुसरीवर नाव चढली. तिसरीनंतर आम्ही खडकाआडच्या संथ वळणात वळलो आणि आत आलेले पाणी डब्याने उपसले. हात थरथरत होते. शिक्षकांनी दुरून वल्हे उंचावले.

हिरवी नाव आता नॉक्सव्हिलला मुलीच्या गॅरेजमध्ये छताला टांगलेली आहे. परवा जावईबापूंचा फोन आला. खोगिराचा फोम झिजला आहे, नवा कापायचा आहे, तेव्हा "बाबा, सध्या वजन किती?" असे त्यांनी विचारले. आम्ही घसा खाकरला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "एकशे सोळा म्हणावं. परवाच मोजलंय."