पहारा कुणाकडे?

एका घरातून दुसऱ्या घरी बिऱ्हाड हलविताना भांडीकुंडी, कपडे, पुस्तके यांची मोजदाद आपण काळजीपूर्वक करतो. मात्र जुन्या घरात कुणीतरी न सांगता, न सवरता नित्य करीत असलेल्या कामांची नोंद कुणीच करीत नाही. ती कामे थांबली, की मगच त्यांची आठवण होते. संगणकाच्या जगातही अशी बिऱ्हाडे हलतात आणि तेथेही हीच चूक घडते, हे मला माझ्या भाच्यामुळे समजले. पुण्यातील एका कंपनीत तो सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो.

बँकांचे व्यवहार, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयांतील नोंदी हे सारे ज्या संगणकांवर चालते, त्यांना सर्व्हर म्हणतात. प्रत्येक सर्व्हरवर कोणती आज्ञावली असावी, कोणती सेवा चालू राहावी, कुणाला प्रवेश असावा, हे सारे ठरवून द्यावे लागते. यंत्रे चार-पाच असतील तर माणूस हाताने हे करू शकतो. शेकडो झाली की हात थकतो आणि स्मरण दगा देते. म्हणून १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने 'सीएफइंजिन' हे साधन निर्माण केले. पुढे २००५ साली ल्यूक केनीज यांचे 'पपेट' आले आणि २०१२ साली मायकेल डीहान यांचे 'अ‍ॅन्सिबल'. या साऱ्यांच्या मुळाशी एक सुंदर कल्पना आहे. 'अमुक कर' असे यंत्राला सांगण्याऐवजी 'अमुक स्थिती असावी' असे लिहून ठेवायचे. ती स्थिती आधीच असेल तर साधन कशालाही हात लावीत नाही. नसेल तर तेवढेच दुरुस्त करते.

साधने मात्र चिरकाल टिकत नाहीत; त्यांचे मालक बदलतात, धोरणे बदलतात. २०२२ साली पपेट 'पर्फोर्स' या कंपनीच्या हाती गेले. नव्या तयार आवृत्त्या पूर्वीप्रमाणे सर्वांना खुल्या ठेवणार नसल्याचे तिने २०२४ च्या अखेरीस जाहीर केले. काहींनी 'ओपनव्हॉक्स' या नावाने तेच साधन स्वतंत्रपणे पुढे चालविले, तर काहींनी अन्य साधनांची वाट धरली. माझ्या भाच्याच्या कंपनीने अ‍ॅन्सिबल निवडले.

"मामा, पपेटच्या फाइली अ‍ॅन्सिबलच्या भाषेत उतरवायला दोन महिने पुरले," तो मला सांगत होता, "पण खरे काम त्यानंतर सुरू झाले."

याचे कारण दोन्ही साधनांच्या स्वभावात आहे. पपेटचा एक प्रतिनिधी प्रत्येक यंत्रात वस्तीला असतो. सर्वसाधारणपणे दर अर्ध्या तासाने तो मुख्य सर्व्हरकडून आदेश मागवितो आणि जे विस्कटले असेल ते निमूटपणे जागेवर आणतो. अ‍ॅन्सिबलचा असा कुणी रहिवासी नसतो. ते बाहेरून यंत्रात शिरते, क्रमाने कामे उरकते आणि निघून जाते. पुन्हा कुणी बोलावीपर्यंत ते येत नाही. ठराविक वेळी ते आपोआप यावे अशी योजना करता येते. परंतु ती योजनाही कुणीतरी आठवणीने करावी लागते.

भाच्याच्या कंपनीत नेमके हेच राहून गेले. एका रुग्णालयाचे तपासणी-अहवाल पोहोचविणारी एक सेवा अधूनमधून बंद पडत असे. दर वेळी पपेट तिला पुन्हा उभी करी. त्यामुळे ती पडते हे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. पपेट गेले, आणि एका रात्री ती सेवा पडली ती पडलीच. पहाटेपर्यंत डॉक्टर अहवालांसाठी खोळंबले. लिहिलेली प्रत्येक ओळ नव्या भाषेत आली होती. पहारा मात्र आला नव्हता.

त्यानंतर त्या तरुणांनी कामाची रीत बदलली. एका वेळी एकाच प्रकारची यंत्रे हलवायची. काहीही न बदलता, काय बदलले असते एवढेच दाखविणारी तपासणी अ‍ॅन्सिबलमध्ये असते. ती आधी करायची आणि 'बदल नाही' असे उत्तर येईपर्यंत फरक शोधायचा. मग जुना प्रतिनिधी थांबवायचा, नाहीतर एकाने केलेले दुसरा मोडीत बसतो. आणि प्रत्येक ओळीपाशी विचारायचे: ही कशासाठी आहे? जिचे कारण सापडत नाही, तिचा शोध घेतल्यावाचून ती गाळायची नाही. शिवाय ओळ गाळली म्हणून तिने यंत्रावर करून ठेवलेले काम आपोआप पुसले जात नाही, हेही ध्यानात ठेवायचे. त्या पडणाऱ्या सेवेचे मूळ दुखणेही अखेर त्यांनी शोधून काढले. पपेट असते तर ते आणखी काही वर्षे झाकलेलेच राहिले असते.

वाचकहो, मला यात यंत्रांपेक्षा माणसेच अधिक दिसतात. प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक कुटुंबात कुणीतरी एक असा असतो, जो पडलेले न बोलता उचलतो. त्याच्या मूक सेवेमुळे घर उभे राहते, हे खरे. पण तिच्यामुळेच कधी कधी घरातले दुखणेही आपल्याला दिसत नाही. तो निवृत्त होण्यापूर्वी, थकण्यापूर्वी, त्याच्याशेजारी बसून विचारावे: "तुम्ही रोज काय काय सावरता?" ती यादी कुठल्याही वहीत सापडणार नाही.