जाऊन येतो

पालीच्या अध्ययनासाठी २०११ साली आम्ही दोघी श्रीलंकेतील कँडी येथे एका कुटुंबात वर्षभर राहिलो. त्या घरच्या मुलांप्रमाणे आम्हीही अम्मा आणि तात्ता म्हणत असू. प्रारंभी आम्हांला सिंहली येत नव्हती. तात्तांनी पहिल्याच सकाळी शिकविले, घराबाहेर पडताना ‘गिहिन् एन्नम्’ म्हणावे. म्हणजे ‘जाऊन येतो’. निघताना आपणही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. एवढ्या साम्यानेच ते घर आमचे झाले.

१३ वर्षांनी अनुराधपूरच्या बोधिवृक्षाला वंदन करून आम्ही कँडीला गेलो. तात्ता आता हयात नव्हते. अम्मांनी आमचे चेहरे हातांनी चाचपून पाहिले. मग शुभप्रसंगी करतात तो किरिबत, नारळाच्या दुधात शिजविलेला भात, ताटात थापून त्याच्या वड्या पाडल्या. वाढताना म्हणाल्या, “मुली येतील, असे ते शेवटपर्यंत म्हणत होते.”

आमच्या लेखी तो निरोपाचा शिष्टाचार होता. तात्तांनी त्याला वचन मानले होते. विद्यालयातून निघताना आपण सर्वांनी ‘येतो’ असेच म्हटले आहे. ज्यांनी ते ऐकले, ती माणसे आहेत तोवर जाऊन यावे.