उरलेले पाकीट

छत्तीस पाकिटे पाच जणांत वाटायची तर प्रत्येकाला सात येतात आणि एक उरते. एवढा हिशेब चौथीतले पोरही करील. पण २०२३च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, माझ्या थोरल्या भावाच्या घराच्या तळघरात, त्या एका उरलेल्या पाकिटावरून चार प्रौढ माणसांत चांगली दहा मिनिटे खल झाला. पाचवा मी. हिशेब माझ्यामुळेच बिघडला होता. एरवी ते चौघे असतात आणि नऊ चोक छत्तीस होतात.

टेबलावर ‘टॉप्स’ कंपनीची, बेसबॉलच्या कार्डांची १९८७ सालची पेटी होती. न उघडलेली. पेटीत ३६ पाकिटे, पाकिटात १७ कार्डे आणि च्युइंगमची एक पातळ पट्टी. पाकिटाचा कागद मेणाचा. कार्डावर खेळाडूचे छायाचित्र आणि त्याभोवती लाकडाच्या फळीसारखी तपकिरी चौकट. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत त्याची वर्षनिहाय आकडेवारी. जमलेल्यांत एक निवृत्त पोस्टमन, एक शाळेत गणित शिकवणारे गृहस्थ, एक रुग्णालयातला परिचारक आणि दादा. महिन्यातून एका शनिवारी हे चौघे वर्गणी काढून एखादी जुनी पेटी आणतात आणि एकत्र बसून उघडतात.

मला आधी वाटले, हा जुगाराचाच एक सभ्य प्रकार असावा. आजच्या नव्या पेट्यांबाबत ते फारसे खोटे नाही. कोणते दुर्मीळ कार्ड सरासरी किती पाकिटांमागे एक निघेल, याचे प्रमाण हल्ली वेष्टनावरच छापलेले असते. कुणी खेळाडूची सही असलेले कार्ड शोधतो, कुणी त्याच्या अंगातल्या सदऱ्याचा तुकडा बसवलेले. अनोळखी माणसे एकेका संघावर पैसे लावतात, दूर कुठे तरी कुणी तरी कॅमेऱ्यासमोर पेटी फोडतो आणि ज्याच्या संघाचे कार्ड निघेल ते त्याचे. मटक्याचा आकडा लागण्याची वाट पाहणारी माणसे मी आमच्या गल्लीत पाहिली आहेत. तो चेहरा सगळीकडे सारखाच असतो.

पण या तळघरातल्या पेटीतून घबाड निघण्याची शक्यताच नव्हती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्डांना भाव येतो असे लोकांच्या ध्यानात आले. मग कंपन्यांनी ती वारेमाप छापली आणि लोकांनी ती जपून ठेवली. जे सगळ्यांनीच जपले त्याला किंमत कशी यावी? याउलट १९५२ सालची उरलेली कार्डे कंपनीने पुढे नावेत घालून अटलांटिक समुद्रात बुडवली, असे ते कार्ड घडवणाऱ्या साय बर्गर यांनीच सांगितले होते. त्याच संचातले मिकी मँटलचे एक कार्ड २०२२च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. पोस्टमनसाहेबांच्या मते मात्र जुनी कार्डे दुर्मीळ होण्याचे खरे श्रेय समुद्राला नाही, आयांना आहे. मुलगा शिकायला किंवा सैन्यात गेला, की आई त्याची खोली आवरायची आणि बुटांच्या खोक्यातली कार्डे कचऱ्यात जायची.

मग स्वस्तातली, जिच्यात काय असणार हे आधीच ठाऊक आहे अशी पेटी उघडायची कशाला? वाल्टर बेन्यामिन यांचा पुस्तकांची खोकी उघडण्यावरचा १९३१ सालचा निबंध आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्या खोक्यांत त्यांची स्वतःचीच पुस्तके होती, म्हणून ती उघडताना बाहेर येत होत्या त्या आठवणी. पाकीट हे त्याच्या नेमके उलट. ते यंत्राने भरलेले असते आणि त्यातून बाहेर येतो तो योगायोग. पण पेटी छत्तीस वर्षे जुनी झाली, तिच्या संचातली ७९२ च्या ७९२ नावे माणसांना ठाऊक झाली, की योगायोगाचे दात पडतात आणि तीही हळूहळू बेन्यामिन यांच्या खोक्यांसारखी होत जाते. तळघरात मी हेच पाहिले. प्रत्येकाने पाळीपाळीने एक पाकीट फोडायचे, कार्ड वर धरून नाव वाचायचे आणि मग ते हातोहात टेबलाभोवती फिरवायचे. बॅरी बाँड्सचे कार्ड निघाले तेव्हा कुणी फारसे हलले नाही. मात्र मला अगदीच अपरिचित अशा एका राखीव यष्टिरक्षकाचे कार्ड निघाले आणि पोस्टमनसाहेब दहा मिनिटे बोलत राहिले. (यष्टिरक्षक हा शब्द माझा. बेसबॉलमध्ये यष्ट्या नसतात, हे दादाने मला लगेच सुनावले.) च्युइंगमच्या पट्टीचा पाकिटागणिक भुगा होत होता. तिला चिकटून राहिलेल्या कार्डावर तपकिरी डाग पडलेला असे. गम कुणी खायचा नाही, हा तिथला एकमेव लेखी नियम. तो भिंतीवर चिकटवलेला होता.

दादा अमेरिकेत गेला १९९८ साली. म्हणजे या कार्डांवरच्या बहुतेकांचा खेळ त्याने कधी पाहिलेलाच नाही. तरीही कोण कोणत्या संघातून कोणत्या संघात गेला, हे तो धडाधड सांगत होता. मी विचारले, तर म्हणाला, “ऑफिसात सगळे जण लहानपणच्या गोष्टी बोलायचे आणि मी नुसता बसून राहायचो. मग कार्डांच्या मागचं वाचून काढलं सगळं.” मला हे ऐकून एकदम ओळखीचे काही सापडल्यासारखे झाले. ज्या काळाशी आणि ज्या गावांशी आपला कधी संबंध आला नाही त्यांच्याबद्दल आपणही वर्गात असेच, तळटिपांच्या आधाराने, आपुलकीने बोलत असतो. उसने घेतलेले बालपण खोटेच असते असे नाही. फक्त ते पाठ करावे लागते.

पण दादाला स्वतःचेही एक बालपण होते आणि त्याच्या खोक्यात मी हात घातला होता. ते सांगितल्याखेरीज हा लेख पुरा व्हायचा नाही.

आमच्या लहानपणी ‘बिग फन’ नावाचे बबलगम मिळे. त्यात क्रिकेटपटूंची छोटी चित्रे येत आणि चित्रांवर धावा किंवा बळी छापलेले असत. ठरावीक धावा जमल्या की दुकानात चित्रे द्यायची आणि बक्षीस घ्यायचे. म्हणजे या संग्रहाच्या पोटातच त्याचा शेवट ठेवलेला होता. खर्च करण्यासाठी जमवायचे. दादाला ते मान्य नव्हते. तो चित्रे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात देशांप्रमाणे लावून ठेवी आणि धावांकडे बघतही नसे. १९९२ साली तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. मी बारा वर्षांचा होतो. गणपतीच्या सुट्टीत एका दुपारी मी तो डबा कोपऱ्यावरच्या दुकानात नेला, धावा मोजून घेतल्या आणि पाने भरभर सोडली की फलंदाज फटका मारताना दिसतो अशी एक चिमुकली पुस्तिका घेऊन घरी आलो. दुकानदाराने चित्रांना रबर लावून ती गल्ल्यामागे टाकली. तो आवाज मला अजून आठवतो.

दिवाळीत दादा आला. त्याने डबा उघडला. आत पुस्तिका होती. ती त्याने एकदा शेवटपर्यंत उलटली आणि विचारले, “किती रन लागले?” मी आकडा सांगितला. “बरं,” म्हणाला. त्यानंतर एकतीस वर्षे हा विषय आमच्यात निघाला नाही. तो रागावला असता तर मी विसरूनही गेलो असतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने दिलेला कार्डांचा प्रचंड संग्रह आहे. त्यातली एकट्या बेसबॉलचीच कार्डे ३०,०००हून अधिक. बर्डिक सिरॅक्यूजच्या एका कारखान्यात काम करीत. संधिवाताने बोटे आखडत चालली असताना ते वर्षानुवर्षे संग्रहालयात बसून स्वतःच्या हाताने कार्डे वह्यांत चिकटवत राहिले. १९६३च्या जानेवारीत काम संपले आणि मार्चमध्ये ते वारले. ही हकिगत दादाने मला त्या रात्री जेवणानंतर सांगितली. सांगताना त्याचा आवाज जरा बदलला. वहिनी झोपायला गेल्या होत्या. मला वाटले, आता नाही तर कधीच नाही. मी डब्याचा विषय काढला.

तो हसला नाही. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मी पुण्याहून परत यायचो ना, तेव्हा घरात माझं असं तेवढंच उरलं होतं. कॉट तुला दिली होती, टेबल तुला दिलं होतं. तू विचारलं असतंस तर मी दिली असती चित्रं.” मग उठून दिवा मालवताना म्हणाला, “आणि तू नसती दिलीस तर आईने रद्दीत घातली असती. ते काही खोटं नाही.”

हे क्षमा करणे होते की नव्हते, मला अजूनही नीट कळलेले नाही. पहिल्या वाक्याने मला माझा गुन्हा प्रथमच नेमका कळला. चित्रे गेली हे त्याचे दुःख नव्हतेच. ज्या घरातून आपण नुकतेच बाहेर पडलो तिथे आपली जागा किती चटकन भरून निघते, हे त्याला त्या डब्यात दिसले होते. शेवटच्या वाक्याने त्याने मला थोडे सोडवले, पण पहिले काही मागे घेतले नाही. थोरले भाऊ असा हिशेब बरोबर ठेवतात.

राहता राहिले ते छत्तिसावे पाकीट. चिठ्ठ्या टाकाव्यात, असे गणिताचे शिक्षक म्हणत होते. परिचारकाचे म्हणणे होते की पुढच्या पेटीत मिळवावे. अखेर पोस्टमनसाहेबांनी निवाडा दिला की ज्याच्यामुळे ते उरले त्यालाच ते द्यावे. दादाने ते उचलून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, “लगेच फोडायलाच हवं असं नाही.”

ते आता माझ्या टेबलाच्या खणात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली आहे. खण उघडला की जुन्या साखरेचा आणि मेणाचा किंचित वास येतो. दादा पुढच्या वेळी गावी आला की आम्ही ते उघडणार आहोत. या वेळी मी त्याला विचारले आहे. सतरा कार्डे, आम्ही दोघे. आठ-आठ घेतली तरी एक उरेलच.