सातोन्याचे बी. रघुनाथ आणि कवाफी

कवी-कथाकार बी. रघुनाथांचं नाव निघालं की आपण आधी हळहळतो: हा माणूस पुण्या-मुंबईत असता तर! मला ही हळहळ चुकीच्या जागी वाटते. भगवान रघुनाथ कुळकर्णी १९१३ साली सातोन्याला जन्मले. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून इकडे आला, म्हणून ते आज आपल्या जिल्ह्याचे. एरवी मराठी वाचक त्यांना परभणीचेच मानतो, आणि नोकरी तिथल्या बांधकाम खात्यात गेल्याने ते खोटंही नाही. निजामाच्या राज्यात शाळा नि कचेरी उर्दूची, घर मराठीचं. या दोन भाषांच्या सीमेवर त्यांचा कान घडला. 'साकी', 'फकिराची कांबळी' ही त्यांच्या कथासंग्रहांची नावंच पाहा. सदाशिव पेठेत राहून अशी नावं सहज सुचली नसती.

इथे मला ग्रीक कवी कवाफी आठवतो. तो ग्रीसबाहेर, अलेक्झांड्रियात, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत तीस वर्षं नोकरीला होता. कविता सुट्या कागदांवर छापून तो ओळखीच्यांना द्यायचा. त्याच्या ग्रीकमध्ये पंडिती आणि बोलीची रूपं शेजारी शेजारी बसलेली, आणि आज तीच त्याची ओळख आहे. कोणी म्हणेल, दोघांच्या कचेऱ्या सारख्या म्हणून कवी कसे सारखे? नाहीतच. कवाफी हजारो वर्षांमागच्या राजांकडे वळतो, रघुनाथ कादंबरीला 'म्हणे लढाई संपली' असं नाव देऊन आपल्याच काळाला प्रश्न विचारतात. साम्य भाषेच्या जागेत आहे: राजधानीपासून लांब राहणाऱ्याला आपली भाषा रोज दुसऱ्या भाषांच्या गर्दीत ऐकावी लागते, आणि त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द तो पारखून घेतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. लांब राहण्याचं हे कौतुक पोट भरलेल्यांनी करावं. रघुनाथांना त्याची किंमत मोजावी लागली. मान्य. पण ती किंमत अंतराने घेतली नाही, दुर्लक्षाने घेतली, आणि या दोन गोष्टींची गल्लत आपण नेहमी करतो. परभणीने त्यांना शब्द दिले. त्या शब्दांना वाचक देणं मराठीच्या मोठ्या शहरांच्या हाती होतं. कवाफीला निदान सत्तर वर्षांचं आयुष्य मिळालं. रघुनाथ ७ सप्टेंबर १९५३ ला कचेरीतच गेले, वय चाळीस. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा त्यांचा कवितासंग्रह १९५५ मध्ये आला. कवाफीच्या कवितांचं पुस्तकही तो गेल्यावर दोन वर्षांनी, १९३५ मध्ये, निघालं होतं.