गुहागरच्या कोठीत

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे झाले आणि आमच्या घरात स्वयंपाकघराचा विषय पुन्हा निघाला. कराडचं आमचं घर सासऱ्यांनी १९८५ साली बांधलं. स्वयंपाकघर दहा बाय बारा आणि त्याला लागून चार बाय सहाची कोठीची खोली. ओट्याला तडे गेले, फरशी खचली, तेव्हा नवं करायचं हे ठरलंच होतं. ह्यांचं म्हणणं, कोठीची भिंत पाडू, जागा मोठी होईल, मग सगळीकडून कपाटं आणि ट्रॉल्या करून घेऊ.

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. शेजारणीकडची गुळगुळीत कपाटं पाहिल्यापासून आमच्या कोठीतले पत्र्याचे डबे माझ्या डोळ्यांत खुपत होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री त्या धड जेवल्याही नाहीत. चार दिवसांनी मला म्हणाल्या, "मला एकदा गुहागरला घेऊन चल. वहिनीला भेटून येऊ." गुहागर त्यांचं माहेर.

सकाळच्या एस.टी.नं निघालो. पाटण मागे पडलं, कोयनानगर आलं. खिडकीबाहेर पाहत सासूबाई म्हणाल्या, "११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला तो इथला. पहाटेची वेळ. मी बारा वर्षांची होते. गुहागरला आमच्या कोठीतली उतरंड कोसळली. मडकी फुटून कुळीथ, मीठ, पोहे, सगळा एकच काला झाला." कुंभार्ली घाट उतरलो तशी हवेतली गारवा देणारी झुळूक संपली आणि अंगाला घाम चिकटला. चिपळूणला गाडी बदलली. तिथून पंचेचाळीसेक किलोमीटरवर गुहागर.

गुहागर म्हणजे समुद्राला समांतर धावणारा एक लांबलचक रस्ता. मध्यावर व्याडेश्वराचं देऊळ, एका अंगाला वरचापाट, दुसऱ्या अंगाला खालचापाट. रस्त्याला घरं, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडी संपली की वाळू. दिवसभर समुद्राची गाज ऐकू येते, पण झाडांमुळे समुद्र काही दिसत नाही.

मामींचं घर जांभ्या दगडाचं. ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि माजघराच्या कडेला कोठीची खोली. मामींची साठवणाची धांदल चालली होती. अंगणात आंबापोळीची ताटं आणि मीठ लावलेली आमसुलं वाळत होती. चहा झाल्यावर मी म्हटलं, "मामी, तुमची कोठी पाहू का?" त्या हसल्या. "अगं, त्यात पाहायचं काय? ये."

आत पाऊल टाकलं आणि उकाडा बाहेरच राहिला. भिंती जाड, वर छताजवळ एक लहानसा झरोका, त्याला उंदीर येऊ नयेत म्हणून बारीक जाळी. खाली तांदळाचे पिंप, पण जमिनीवर नव्हे, लाकडी फळ्यांवर. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. भिंतीला लागून मांडणी, तिच्या फळ्या जेमतेम वीतभर रुंद. मी म्हटलं, "फळ्या एवढ्या अरुंद का?"

"भूकंपानंतर वन्संच्या आईंनी उतरंड बंद केली आणि ही मांडणी करून घेतली," मामी म्हणाल्या. "एका फळीवर एकच रांग. डब्यामागे डबा नाही. मागे गेलेला डबा विसरला जातो आणि विसरलेल्या डब्यात पोरकिडे होतात."

मला माझ्या मैत्रिणीचं कोपऱ्यातलं खोल कपाट आठवलं. त्यात हात घालायला तिला गुडघ्यांवर बसावं लागतं आणि दिवाळीला आणलेला रवा तिला पाडव्याला सापडतो!

पण मामी कोठीचं नुसतं कौतुक करत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंच्या वेळी पावसाळ्याची चार महिन्यांची बेगमी लागायची. आता कोपऱ्यावर दुकान आहे. निम्मी कोठी रिकामीच असते. आणि रोज चहा-साखरेसाठी कोण इथवर येणार? ते मी ओट्याजवळच्या फडताळात ठेवते. साठवणाचं कोठीत, रोजचं हाताशी."

रात्री सासूबाई दिसेनात म्हणून शोधलं, तर त्या कोठीत एका पाटावर बसलेल्या. मला पाहून डोळे पुसले. "लग्न ठरलं तेव्हा मी इथंच बसून रडले होते," त्या म्हणाल्या. "ओटीवर पुरुष, माजघरात पोरं, पाहुणे. घरातल्या बाईला दार लावून बसता येईल अशी ही एकच जागा. आई विचारायची, काय करतेस? मी सांगायची, तांदूळ निवडतेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "कराडच्या घराला कोठी मी मागून घेतली होती. 'हे' गेले तेव्हाही मी तिथंच जाऊन बसायची."

मी काय बोलणार? त्यांच्या शेजारी बसले.

परत आल्यावर मी ह्यांना सांगितलं, भिंत पडणार नाही. ह्यांनी कुरकुर केली, सुताराला दिलेला आराखडा दाखवला. मग मीही हिशेब मांडला. वर्षाचे गहू, तूरडाळ, लोणची, सणावाराची मोठी पातेली ही कपाटांत मावायची नाहीत, मावली तर हाताला यायची नाहीत. भिंत ठेवल्यानं पाडण्याचा खर्च वाचतो आणि कपाटंही निम्मी लागतात. आईंचं कारण मात्र मी सांगितलं नाही. ते त्यांचं होतं.

आता ओट्याखाली फक्त तीन ट्रॉल्या आहेत, रोजच्या डब्यांना आणि भांड्यांना. कोठीत भिंतीला दहा इंचांच्या फळ्या, एकेरी रांग. जड डबे खाली, क्वचित लागणारी भांडी वर आणि मधली फळी सासूबाईंच्या हाताला येईल अशी. मोरीच्या बाजूच्या भिंतीला ओल येते, म्हणून तिथे फळी नाही. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, कारण एकत्र ठेवले की लवकर खराब होतात. गहू उन्हात वाळवून, पूर्ण निवल्यावर, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरले.

स्वयंपाकघर काही मोठं झालं नाही. दोघी एकदम ओट्याशी आलो की अजून धक्के लागतात. शेजारीण पाहून गेली आणि म्हणाली, "एवढा खर्च केलात, पण मोकळं नाही वाटत."

मी कोठीत एक स्टूलही ठेवलंय. आईंसाठी म्हणून ठेवलं. पण परवा शाळेत जरा बोलणं खावं लागलं, घरी आले तर बाहेर पाहुणे बसलेले. मी चहा दिला आणि कोठीत जाऊन दार लोटलं. थोड्या वेळानं बाहेरून ह्यांनी विचारलं, "काय करतेस गं आत?"

मी काही म्हणायच्या आत सासूबाईंचा आवाज आला, "तांदूळ निवडतेय ती. निवडू दे."