हिरवी मुनिया, लाल मुनिया

अबूच्या यात्रेस गेलेली आपली मंडळी देलवाड्याची संगमरवरी छते डोळ्यांत साठवून परततात. तेथून गुरुशिखराकडे जाताना ओरिया गावाची शेते लागतात. त्या परिसरातील कुंपणांवर व घाणेरीच्या जाळ्यांत हिरवी मुनिया आढळते. आकाराने ती चिमणीहून लहान. पाठ हिरवी, पोट पिवळे, चोच लाल आणि कुशीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. हा पक्षी मूळचा केवळ भारताचा, आणि येथेही तुटक, मोजक्या ठिकाणीच उरलेला.

तिची सख्खी नातलग लाल मुनिया. पावसाळ्यात विणीच्या काळी नर किरमिजी होतो व त्यावर पांढरे ठिपके खुलतात. पूर्वी अहमदाबादहून हे पक्षी परदेशी पाठविले जात. ‘अमांडावा’ या शास्त्रीय नावात त्या शहराचाच अपभ्रंश आहे. तिचा वावर भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आहे. पिंजऱ्यांतून सुटलेल्यांनी तर स्पेनमध्येही संसार थाटला!

दोघींवर जाळे पडते ते पिंजऱ्याच्या हौसेपायी. तरीही जागतिक यादीत लाल मुनिया ‘किमान चिंता’ या वर्गात, तर हिरवी ‘असुरक्षित’ वर्गात आहे. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला हा हिशेब सहज उमगतो. ज्याच्या ठेवी अनेक शाखांत विखुरल्या आहेत, त्याला एका ठिकाणची उचल जाणवत नाही. एकाच खात्यावर जगणाऱ्याची शिल्लक मात्र तेवढ्याच उचलीने संपते. त्यात गवताळ माळ नांगराखाली जात आहेत, ते निराळेच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी वन्य पक्ष्यांचा व्यापार आता पूर्णतः बंद आहे. बाजार मात्र चालूच राहिला. पक्षी-व्यापाराचे अभ्यासक अबरार अहमद यांनी साध्या मुनियांना रंग फासून विकल्याचेही नोंदविले आहे.

येथे आपल्या घरचा विषय येतो. पर्वकाळी पक्षी विकत घेऊन मुक्त करण्याची प्रथा अनेक घरांत आहे. भावना निर्मळ, याविषयी मला शंका नाही. परंतु विक्रेत्याच्या वहीत ती निव्वळ विक्री असते, आणि रिकामा पिंजरा भरण्यासाठी पारधी पुन्हा माळावर जातो. थव्याने राहणारा हा जीव अनोळखी शहरात एकटा सुटला की दाणा, पाणी, सोबत कोठून मिळवणार? पिंजरे दिसल्यास पैसे न देता वनविभागास कळवावे. आमच्या घरी यंदा पर्युषणात ती रक्कम पांजरपोळास गेली. नातवंडांनी प्रश्न पुष्कळ विचारले.